मोठ्या मामाजींची पोस्ट खाली काऊन?

आमच्या सासरच्या गोतावळ्याचा मोबाइलवरचा ग्रुप एका लग्नपत्रिकेवरून फुटला. कुणाचं नाव कुणाच्या खाली छापलं गेलं, एवढंच कारण. सासऱ्यांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळ्या सुना मोठे मामाजी म्हणतो, रागारागाने ग्रुपमधून बाहेर पडले आणि त्यांच्यामागे आमचं निम्मं आर्वी गाव बाहेर पडलं. मग घरात बैठक बसली. तेव्हा कुणाला तरी आठवलं की धाकटी सून दिवसभर कॉम्प्युटरपुढे असते.

"सूनबाई, आपला घरचाच एक बनवून टाक ना," मोठे मामाजी म्हणाले. "ज्याच्यात बाहेरच्याचा कायदा नाई."

मला तेच हवं होतं. मी घरून नोकरी करते, वेबसाइटचा लोकांना दिसणारा भाग बांधते. उरलेल्या वेळात एका ओपन सोर्स सोशल नेटवर्कच्या मागे लागलेली असते. ओपन सोर्स म्हणजे सगळा कोड उघडा. कुणीही घ्यावा, आपल्या सर्व्हरवर चालवावा, काही सुधारलं तर मूळ प्रकल्पाला पाठवावं. तिथले जाणते लोक तपासतात आणि पटलं तर सामावून घेतात. माझं काहीतरी तिथे घेतलं जावं म्हणून मी कधीपासून धडपडत होते. घरात या धडपडीला 'बसून राहणं' म्हणतात. कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरात जे काट्यावर चढत नाही ते काम नसतं.

मी भाड्याने सर्व्हर घेतला, नेटवर्क उभं केलं, सगळी बटणं मराठीत केली आणि घरोघरी जाऊन लोकांना आत घेतलं. पासवर्ड म्हणून बहुतेकांनी नातवाचं नाव ठेवलं आणि पहिल्याच पोस्टमध्ये तो सगळ्यांना सांगितला. तरी सुरुवात चांगली झाली. आठवडा होत नाही तो मोठ्या मामाजींनी मला दुकानात बोलावून घेतलं.

"माहा सुविचार खाली, अन् त्या पोट्ट्याच्या तर्री-पोह्याचा फोटो वर. काऊन?"

मी समजावलं, जे नवं ते वर दिसतं.

"म्हणजे जो उशिरा येईन तो वर बसन? पंगतीत असं राह्यते का?"

त्यांनी स्वतःच उपाय काढला. चहा झाला की पोस्ट, दुकान उघडलं की पोस्ट, गिऱ्हाईक गेलं की पोस्ट. मामाजी सारखे वर जाऊन राह्यले म्हटल्यावर त्यांच्या खालच्या दोघा भावांनाही हुरूप आला. सुविचारांचा असा भडिमार झाला की सर्व्हरने मान टाकली. पुन्हा बैठक बसली आणि ठरलं की पोस्टा वेळेप्रमाणे नाही, मानाप्रमाणे लागतील.

मी कोड लिहिला. लिहिणं सोपं होतं, मान ठरवणं कठीण. हिंगणघाटच्या जावयाला वयाने सतरावा नंबर आला तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कपाळावर हात मारला. जावयाला कुठे वय असतं? त्याला मोठ्या मामाजींच्या लगेच खाली बसवलं, तरी तो रुसला, कारण खाली म्हणजे खालीच. बायका सगळ्या पुरुषांच्या नंतर, त्यातही सुना शेवटी आणि सर्वांत शेवटी मी. यावर मात्र वाद झाला नाही. ते एकमताने झालं.

हा बदल मी मूळ प्रकल्पाला पाठवला. म्हटलं, असं काही त्यांच्याकडे नसणार. नव्हतंच. एका सभ्य माणसाने लिहिलं की कल्पना रंजक आहे. परदेशी माणूस रंजक म्हणाला की समजावं, कारभार आटोपला. दुसऱ्याने लिहिलं, आमच्याकडे सगळे समान असतात, मान ही गोष्ट कोडमध्ये येऊच नये. वाचून मला बरं वाटलं. मग कळलं की माझा बदल नाकारायचाही अधिकार त्या दोघांना नाही. ज्याने प्रकल्प सुरू केला तोच शेवटचं बोलतो, त्याच्याआधी कुणी निकाल द्यायचा नाही, आणि सध्या तो डोंगरात फिरायला गेलाय. आमचे मोठे मामाजी निदान घरी तरी असतात.

तो परतला आणि त्याने नकार दिला. पण त्याच कोडमध्ये माझी एक बारीक दुरुस्ती होती. पडद्यावर मराठी अक्षरांच्या वेलांट्या वरच्या कडेला कापल्या जायच्या, म्हणून मी ओळीची उंची थोडी वाढवली होती. "एवढी ओळ वेगळी पाठवा," त्याने लिहिलं. मी पाठवली आणि त्याने ती घेतली. आता जगात कुठेही कुणी त्या नेटवर्कवर मराठी लिहील, तर त्याच्या वेलांट्या शाबूत राहतील. मला रडू आलं. त्या आनंदात मी घरच्या नेटवर्कवर बातमी टाकली.

ती तळाला गेली. माझ्याच कोडने नेली. वर सुविचार, त्याखाली जावयाचा रुसवा, त्याखाली सोयाबीनचा भाव, आणि माझी आयुष्यातली सर्वांत मोठी बातमी पार बुडाशी. नवऱ्याने विचारलं, "टाकली म्हणतेस, कुठे?" मला इतका संताप आला की कोड उघडून स्वतःला मोठ्या मामाजींच्या डोक्यावर बसवावं असं वाटलं.

तेवढ्यात आत्याबाईंचा अभिप्राय आला. "वेलांटी आता पुरी दिसून राह्यली. शाब्बास." मग जावांचे आले, नणंदांचे आले. थेट तळाशी जायचं एक बटण मी तपासणीसाठी करून ठेवलं होतं, ते बायकांनी केव्हाच हुडकलं होतं. वर त्यांच्यातलं कुणी पाहत नव्हतं. पुरुषांची नजर खाली पोचत नाही, हे कळल्यापासून त्या तिथे मनातलं बोलत होत्या. माझ्या बातमीवर त्या दोन दिवस बोलत राहिल्या, आणि मी केलेलं काम आहे तरी काय, हे घरात पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारलं.

मोठ्या मामाजींना सुगावा लागलाच. वर त्यांच्या सुविचाराला आता भावांचेही नमस्कार येईनासे झाले होते.

"खाली लय गर्दी हाय म्हणते," ते म्हणाले. "मले बी खाली घेजो."

"खाली जागा नाही, मामाजी," मी म्हटलं. या घरात आल्यापासून त्यांना मी दिलेला तो पहिला नकार, आणि तो देताना मला फार बरं वाटलं.