दुसऱ्या चौकटीतली बाई

माझं छापून आलेलं पहिलं चित्र आता माझ्याकडे नाही. असतं तरी मी ते भिंतीवर लावलं नसतं. चित्र वाईट नव्हतं. त्या वर्षीच्या वर्गात ते सगळ्यात चांगलं होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन, आणि खरी अडचण तीच आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी बेळगावात चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला होते. घर निपाणीला, बुद्धविहाराच्या मागच्या वस्तीत. आप्पा मी लहान असतानाच गेले होते, आणि आई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर काम करायची. जयंतीच्या मिरवणुकीचे फलक मी रंगवायची, म्हणून 'पोरगीच्या हातात कला हाय' असं वस्तीनं ठरवून टाकलं होतं. आईनं ते मनावर घेतलं आणि मला बेळगावला धाडलं. खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत एका शिक्षिका बाईंच्या घरात मला खोली मिळाली.

आमचे सर अंगानं काटकुळे आणि जिभेनं तिखट. घरची भाषा कन्नड, शिकवायचे मराठीत, आणि राग आला की दोन्हीची मिसळ. पहिल्याच आठवड्यात माझी मिरवणुकीची कला त्यांनी मोडीत काढली. "हे काय काढलंयस? बाहुल्या? जा, खडेबाजारात जाऊन बस," म्हणाले. मग रोज सकाळी आम्ही पाचसात जण वह्या घेऊन बाजारात. एका माणसाला पाच मिनिटं. घड्याळ बघून सर "साकु!" म्हणून ओरडायचे, म्हणजे पुरे. चित्र अर्धं असो की पाव, पान उलटायचं. उचगावहून भाजी घेऊन येणाऱ्या बायकांसमोर मी महिनाभर ठिय्या दिला. एक जण शेवटी वैतागून म्हणाली, "काय लिव्हतीस गं रोज? म्युनिसिपाल्टीची हाईस काय?" मी वही दाखवली तर म्हणाली, "माझी पाटी लई मोठी काढलीस, तेवढा माल कुठला आलाय!"

पण त्या महिन्यानं माझा हात सुधारला हे खरं. ओझं उचलणाऱ्या बाईचं वजन कुठल्या पायावर पडतं, बसलेल्या माणसाची पाठ कुठं मोडते, हे मला दिसायला लागलं. माणूस बघितला की त्याच्या रेघा दिसायच्या. मला तेव्हा वाटायचं, ह्यालाच माणूस बघणं म्हणतात.

दुसऱ्या सत्रात सरांनी मोठा स्वाध्याय दिला. गावोगाव प्रौढ शिक्षणाचे वर्ग चालू होते, त्यांच्यासाठी भिंतीवर लावायचा तक्ता करायचा. दोन चौकटी. पहिलीत निरक्षर माणूस, दुसरीत तोच माणूस शिकल्यावर. एकही अक्षर लिहायचं नाही, कारण बघणाऱ्याला वाचता येत नाही. नुसत्या काळ्या शाईच्या रेघा, म्हणजे छापायचा ब्लॉक नीट उठेल. जो तक्ता चांगला होईल तो सर प्रौढ शिक्षणाच्या साहेबांकडे छापायला देणार होते. छापणार म्हटल्यावर आमची झोपच उडाली.

माझी पहिली चौकट म्हणजे अंगठा पुढं करून बसलेली एक बाई. सरांनी दोन क्षण बघितलं. "ही कुठल्या गावची? कुठल्याच नाही. ही तुझ्या डोक्यातली बाई, हिला वजन नाही. खरी बघून ये," म्हणाले आणि कागद परत दिला. मला रडू आलं. शनिवारी दुपारी मी निपाणीची एस्टी पकडली.

रविवारी आईला दारात उजेडाला बसवलं आणि अंगठा पुढं करायला सांगितलं. ती हसली. "अगं, मला येतंय की आता! निम्मं नाव येतंय." विहाराशेजारच्या समाजमंदिरात संध्याकाळी वर्ग चालायचा. वस्तीतलीच मॅट्रिक झालेली एक पोरगी शिकवायची, आणि आई महिनाभर त्या वर्गाला जात होती. तिचं नाव चार अक्षरी, त्यातली दोन तिला आली होती. कोनाड्यातली पाटी आणून तिनं मला ती दाखवली. अक्षरं मोठी आणि तिरकी होती, दुसऱ्याची वेलांटी पाटीच्या चौकटीवर चढली होती. मी "छान" म्हणाले आणि पाटी बाजूला ठेवली, कारण उजेड सरत होता.

ती बसली. मी काढत होते, ती बोलत होती. खाली बघूनच बोलत होती, मी मान हलवायची नाही म्हणून सांगितलं होतं ना.

"वखारीतला दिवाणजी पगाराच्या वहीवर अंगठा घेतोय न्हवं, त्यो हातच धरतोय. नुसता अंगठा टेकवायचा, तर समदा हात मुठीत घेतोय अन् दाबतोय. सोडाया बी येळ लावतोय. समद्या बायकांचंच तसं, पर बोलायचं कुणी? सही आली की पेन माझ्या हातात. मग कोण कशाला हात धरंल? म्हणून जातीया मी वर्गाला. कुणाला सांगू नगंस."

मी हात थांबवला. आईचा अपमान झालाय म्हणून थांबवला, असं लिहायला मला आज किती आवडलं असतं! मी थांबले कारण मला माझं चित्र सापडलं होतं. एकटी बाई अंगठा पुढं करते, ते तर सगळेच काढणार. तिचा हात दुसऱ्यानं धरलाय, ही गोष्ट झाली.

"कसा धरतोय? दाखव."

आईनं माझा उजवा हात घेतला. माझी चार बोटं आपल्या मुठीत मिटवली, अंगठा मुळाशी चिमटीत पकडला आणि माझ्याच वहीवर दाबला. तिची बोटं तंबाखूनं खरखरीत झालेली. मला कळ लागली.

"असा."

"परत धर," मी म्हटलं. "बोटं कशी येतात ते बघू दे."

तिनं परत धरला. तीनदा धरला. डाव्या हातानं मी जमेल तसं टिपून घेतलं. दिवाणजीचा चेहरा मी काढणार नव्हतेच, नुसता बाहीतून आलेला हात. त्या हाताची काही खूण असेल तर सांग म्हटलं, तर आई म्हणाली, "घड्याळ. उजव्या हातात घालतोय."

उठताना ती म्हणाली, "मला सही करताना बी काढ की." मी पेन दिलं. तिनं ते खुरपं धरावं तसं मुठीत धरलं. मी थोडं बघितलं आणि म्हणाले, "नको आई. तुझी पेन धरायची रीत बरी दिसत नाही. ते मी तिकडं कुणाला तरी बसवून काढीन."

ती "बरं" म्हणाली आणि चुलीकडं गेली.

बेळगावला आल्यावर दुसऱ्या चौकटीसाठी मी घरमालकीण बाईंना बसवलं. त्यांचा हात गोरा, निमुळता, जन्मभर खडू आणि पेन धरलेला. लुगडं मात्र आईचंच घातलं चित्रातल्या बाईला, तेच काठ, तोच पदर. सरांनी तक्ता खिडकीशी उजेडात नेला आणि पहिली चौकट जवळून बघितली. त्यांनी चित्र उजेडात नेणं म्हणजे आमच्यासाठी सोन्याचं कडं. "हा हात धरलाय ना, इथं चित्र आहे," एवढंच म्हणाले. मग दुसऱ्या चौकटीकडं वळले. "ही दुसरी कुठून आणलीस? पहिली खरी आहे. ही ती नव्हे."

"तेच लुगडं आहे सर."

सरांनी माझ्याकडं बघितलं. काही बोलणार होते बहुतेक, पण साहेबांचा माणूस कागद न्यायला दारात उभा होता. "साकु," म्हणाले आणि तक्ता त्याच्या हातात दिला.

तक्ता छापून आला तेव्हा मला पाच प्रती मिळाल्या. त्यातली एक घेऊन मी थेट निपाणी गाठली. घरी कुणाला दाखवलीही नाही. संध्याकाळी वर्ग भरल्यावर समाजमंदिरात गेले, शिकवणाऱ्या पोरीकडून खिळे घेतले आणि सगळ्यांसमोर तक्ता भिंतीवर ठोकला. दहाबारा बायका असतील, बहुतेक वखारीतल्याच. आई दुसऱ्या ओळीत पाटी घेऊन बसलेली. मला वाटत होतं, आज तिची मान ताठ होणार.

एक अक्षर नसताना चित्र कळलं पाहिजे, असा आमचा स्वाध्याय होता. कळलं. लगेच कळलं.

"आगं बया, ह्यो तर आपला दिवाणजी! उजव्या हातात घड्याळ बघा!"

"अन् ही कोण? खांदा बघ, पदर बघ!"

सगळ्या माना आईकडं वळल्या आणि हशा पिकला. त्या बायका दुष्ट नव्हत्या. त्यांचेही हात तोच धरत होता, हसल्या नसत्या तर करणार काय होत्या? आईही हसली, पदर तोंडाला लावून. मग उठून तक्त्याजवळ गेली. पहिल्या चौकटीसमोर थांबली नाही. दुसरीवर बोट ठेवलं.

"ही कोण गं?"

"तूच की आई. शिकल्यावरची."

तिनं जवळ जाऊन बघितलं. "हात माझा न्हाय," म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या वेळी तिची पाठ भरून आली होती. तिसऱ्या दिवशी पाव्हणे येणार होते. मी बेळगावला परतले, माझ्या मागं नवे स्वाध्याय लागले. दिवाळीला घरी गेले तर पाटी पाण्याच्या माठावर झाकण म्हणून ठेवलेली. मी उचलून दोन्ही बाजूंनी बघितली. दोन्ही कोऱ्या होत्या.

"वर्गाला जात नाहीस?"

"आता ह्या वयात काय शिकायचं? जेव."

आणि मी जेवले. भांडले नाही, हात धरून तिला वर्गाला नेलं नाही, समोर बसून उरलेली दोन अक्षरं गिरवून घेतली नाहीत. दोन अक्षरांचा तर प्रश्न होता. चार दिवसांचं काम. पण त्या सुट्टीत मला साठ हातांची रेखाटनं करायची होती, आणि ती मी केली. तो तक्ता पुढं जिल्ह्यात कुठं कुठं लागला. नंदगडच्या शाळेत मी तो स्वतः बघितला. ज्या बाईवरून तो काढला ती सोडून इतर कुणीतरी तो बघून शिकलं असेल, अशी मी मनाची समजूत काढायची.

बायका हसल्या म्हणून आईनं वर्ग सोडला, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले. तिनं विश्वासानं सांगितलेलं मी कुणाला सांगितलं नाही, नुसतं काढलं आणि खिळ्यानं भिंतीवर ठोकलं, ह्याची लाज मला होतीच. दिवाणजी पुढं सहाएक वर्षं त्या वखारीत होता. दर आठवड्याला तो तिचा हात कसा धरतो हे वस्तीत माझ्याइतकं नीट कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या बोटांची पेरं मी मोजून काढली होती.

मग मी बेळगावच्या एका शाळेत चित्रकलेची शिक्षिका झाले. आईची वखार सोडवली, तिला माझ्याकडं आणलं. पहिलं काम म्हणून दोघींच्या नावानं बँकेत खातं काढायला गेलो. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. खिडकीतल्या क्लार्कनं फॉर्म पुढं सरकवला आणि विचारलं, "सही की अंगठा?"

"सही," मी म्हणाले. माझं पेन उघडून आईच्या हातात दिलं. "कर की आई. पहिली दोन येत होती तुला. पुढची मी सांगते."

आईनं पेन घेतलं. त्या खुरप्याच्या मुठीतच घेतलं. कागदावर टेकवायच्या आधी तिनं आपल्या हाताकडं बघितलं, मग आजूबाजूच्या लोकांकडं, आणि पेन मला परत दिलं.

"नगं. माझी पेन धरायची रीत बरी दिसत न्हाय."

ती टोमणा मारत नव्हती. तिला टोमणे मारता यायचेच नाहीत. मी, तिच्या शिकलेल्या लेकीनं, सांगितलेली गोष्ट ती खरी मानून चालली होती, एवढंच. मी पेनाला टोपण लावलं. मागं रांग वाढली होती. क्लार्कनं शाईचं पॅड पुढं ढकललं आणि म्हणाला, "आजींचा अंगठा जरा नीट धरा हं, मागच्या वेळी एकांचा ठसा फाकला."

आईनं हात माझ्यापुढं केला.

"धर गं."

मी तिची चार बोटं माझ्या मुठीत मिटवली, अंगठा मुळाशी पकडला आणि कागदावर दाबला. कसा धरायचा ते मला विचारावं लागलं नाही. तिनंच दाखवलं होतं.