बोटभर सैल

काडीने वरच्या मजल्यावर आहारसल्लागाराची पाटी लावली, तेव्हा शेजाऱ्यांना हसू आवरेना. वाऱ्याने उडेल अशी ही पोरगी लोकांना बारीक करणार! तिची आई मात्र हसली नाही. आई तळमजल्यावर कपडे शिवायची, अंगाने चांगली भरलेली होती आणि लेकीला जन्मभर "खा गं, खा" म्हणत आली होती. आता तीच लेक जगाला "खाऊ नका" सांगणार. 

पहिलं गिऱ्हाईक म्हणून आल्या मुख्याध्यापिका बाई. त्यांना गुण आला, तर शाळेतल्या सगळ्या शिक्षिका जिना चढणार होत्या. नाही आला, तर पाटी काढून पुन्हा दवाखान्यात दुसऱ्याच्या हाताखाली राबणं आलंच. काडीला रात्री झोप लागेना.

नव्या माणसाने वजनकाटा पाहिला की तो धसका घेतो, हे तिला दवाखान्यात कळलं होतं. म्हणून तिने बाईंचं वजन त्यांच्या तपासणीच्या कागदावरून टिपलं आणि काटा सरळ कपाटात टाकला. "सध्या कपड्यांवरूनच कळेल, बाई," ती म्हणाली.

आणि कळू लागलं की! दर खेपेला बाई कंबरेशी कापड चिमटीत धरून दाखवत. "बोटभर सैल!" काडीला आभाळ ठेंगणं झालं. शाळेतल्या दोघीतिघींनी वेळही मागून ठेवली.

एके दिवशी बाईंच्या ड्रेसला दोरा लोंबत होता. काडी तो कापायला वाकली आणि तशीच राहिली. शिवणीशेजारी सुईच्या जुन्या भोकांची ओळ दिसत होती आणि शेवटी दुहेरी टाका होता. तसा टाका फक्त आईच घालते. मुख्याध्यापिका जाता-येता बटणं लावायला खाली कपडे टाकत, ते तिला आत्ता आठवलं.

बाई गेल्यावर तिने खाली धाव घेतली. "आई, शिवणी उसवल्यास?"

"बोटभर तर सोडली."

"एवढाही विश्वास नाही माझ्यावर?"

"तुझ्यावर आहे गं," आईने डोळे पुसले. "चरबीवर नाही. मी तिला किती वर्षं ओळखते!"

गप्प बसणं सोपं होतं, पण काडीला ते जमेना. पुढच्या खेपेला तिने आईला वर बोलावलं, बाईंना सगळं सांगितलं आणि काटा बाहेर काढला. टिपलेल्या आकड्यापेक्षा तो जरासाच खाली आला होता.

बाईंनी काट्याकडे पाहिलं, ड्रेसकडे पाहिलं. मग एकदम खो खो हसत सुटल्या. "तरीच! कंबरेत सैल आणि दंडात घट्ट! मला वाटलं, वजन पायाकडून वर चाललंय."

"बाह्या राहिल्याच," आई पुटपुटली.

"पण जिना चढताना हल्ली धाप लागत नाही, ते काही कुणी शिवण उसवून झालं नाही ना?" बाईंनी शाळेतला आवाज काढला आणि त्या आईकडे वळल्या. "शिवणी होत्या तिथे घ्या. मी येत राहणार. आणि तुम्हीही यायचं. मी एकटीने नाही मन मारणार!"

काडीचा जीव भांड्यात पडला. बाई गेल्या, तरी आई जागची हलली नाही. तिने गळ्यातली मापाची पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि समोरच्या खुर्चीत अंग चोरून बसली.

"सांग बाई," ती लेकीला म्हणाली, "मी काय खाऊ?"