हेंगशेठना झोप लागली

मोकचं कागदावरचं नाव तिखम्पोन. पण ती जन्मली त्या सकाळी उत्तर थायलंडमधल्या नानच्या खोऱ्यात इतकं दाट धुकं उतरलं होतं की सुईण आधी शेजारच्याच घरात शिरली. म्हणून घरात तिला मोक, म्हणजे धुकं, अशी हाक पडली आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. समोर भात वाफाळत असायचा आणि पोरगी मनानं भलतीकडेच कुठेतरी गेलेली असायची.

चियांग माईच्या कॉलेजातून पदवी घेऊन ती बाहेर पडली, तेव्हा मैत्रिणी बँकेत नाहीतर शाळेत लागल्या होत्या. मोकनं बँकॉकची बस पकडली. रेडिओवर गाण्यांपेक्षा मधल्या जाहिराती आपल्याला जास्त आवडतात, एवढंच तिच्याकडे कारण होतं. आईनं विचारलं, "जाहिराती करायला माणसं लागतात?" मोकलाही ते नक्की ठाऊक नव्हतं.

चारोएन क्रुंग रस्त्यावर, शिलाई मशिनच्या दुकानाच्या माडीवर एक छोटी जाहिरात कंपनी होती. मुलाखतीला बोलावलं आणि ताटकळत ठेवलं. वर पंखा गरगरत होता, खालून मशिनची लयीत टकटक येत होती. मोकचा डोळा लागला. जाग आली तर समोर जाड चष्म्याची, आखूड केसांची एक बाई ओलियांगचा, म्हणजे काळ्या कॉफीचा, थंडगार पेला घेऊन उभी. वयानं थोरली म्हणून सगळेजण तिला पी लामाई म्हणत. जाहिरातींचा मजकूर तीच बघायची.

"काय स्वप्न पडलं?" तिनं विचारलं.

मोक घाबरली, पण खरं तेच बोलली. नदी गावातून उलटी वाहत होती आणि माणसं आपापल्या होड्यांत बसून लहान होत चालली होती. तिची आजी तर पाळण्यात मावेल एवढी झाली होती.

"बरं सांगतेस," पी लामाई म्हणाली. "सोमवारपासून ये. पण इथं झोपायचं नाही."

पुढचे काही महिने मोक लिहीत राहिली आणि पी लामाई खोडत राहिली. साबणावर मोकनं लिहिलं ते वाचून ती म्हणाली, "छान आहे गं. पण यात साबण कुठाय?" तांदळावर लिहिलं तेव्हा म्हणाली, "हे वाचून मला रडू आलं. भूक नाही लागली."

मग हेंगशेठचं काम आलं. नदीपलीकडे थोनबुरीत, कालव्याच्या काठी त्यांचा गाद्यांचा कारखाना होता. सावरीच्या कापसाच्या गाद्या, त्यांच्या आजोबांपासूनच्या. त्या दिवसांत फोमच्या गाद्यांची लाट आली होती. शेठना रेडिओवर जाहिरात हवी होती.

मोक एकटीच होडीनं कारखाना बघायला गेली. आत पाऊल टाकलं आणि ती थांबलीच. सावरीचा कापूस पिंजला जात होता आणि त्याचे तंतू हवेत तरंगत होते. तिरप्या उन्हात खाली न पडता, कुठं न जाता. बायका तोंडाला फडकी बांधून गाद्या भरत होत्या आणि त्यांच्या केसांवर, पापण्यांवर पांढरी लव बसली होती. मोकला वाटलं, आपण आपल्या नावाच्याच आत उभ्या आहोत.

"तोंड मिट पोरी, कापूस जाईल," मागून हेंगशेठ म्हणाले. बुटके, बनियनवर, हातात पंखा. "फोमवाले रेडिओवर किती ओरडतात बघ. तू त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरड, बस्स."

परतीच्या होडीत मोकच्या मनात ओरडण्याच्या अगदी उलटं काहीतरी जुळून येत होतं.

ध्वनिमुद्रण करणाऱ्या चातला घेऊन ती पुन्हा गेली. उन्हात गादी झोडपल्याचा आवाज त्यांनी टिपला, मग कालव्याचं पाणी, मग दूर जाणारी होडी. अंगाई गुणगुणायला गायिका परवडणारी नव्हती, म्हणून पी लामाईनंच कुरकुरत गुणगुणून दिलं. तिचा आवाज असा असेल असं ऑफिसात कुणाला वाटलं नव्हतं. शेवटी एकच वाक्य होतं: "हेंगची गादी. झोपा, आम्ही आता बोलत नाही." त्यानंतर नुसतं पाणी.

शेठ दुपारी जेवून ऑफिसात जाहिरात ऐकायला आले. चातनं पडदे ओढले, कॅसेट लावली. एकदा वाजली. शेठ म्हणाले, "परत लाव." दुसऱ्यांदा वाजून पाण्याचा आवाज विरला, तेव्हा शेठची मान छातीवर आली होती.

चात कॅसेट काढायला उठू लागला. पी लामाईनं हातानंच त्याला बसवलं. कुणीच हललं नाही. खाली मशिन चालत होती, पडद्याची किनार उन्हानं पेटल्यासारखी दिसत होती. शेठच्या भुवईवर कापसाचा एक तंतू श्वासागणिक हलत होता. मोक त्याच्याकडे बघत राहिली. ही नोकरी राहील की जाईल हा विचार तिला शिवलासुद्धा नाही. खोलीतली सगळी माणसं एकाच होडीत बसून कुठंतरी चालली आहेत, असं तिला वाटत होतं.

बऱ्याच वेळानं शेठ जागे झाले. ओशाळले, चेहरा पुसला.

"बायको गेल्यापासून दुपारची झोप आली नव्हती," ते म्हणाले. मग मोककडे वळले. "पण ही लावायची नाही."

"आवडली नाही, शेठ?"

"अगं, दिवसा रेडिओ कोण ऐकतं? टॅक्सीवाले. माझ्या चार गाद्या खपवायला तू चार गाड्या कालव्यात घालशील."

पी लामाई इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मोकचा चेहरा पडला होता, पण शेठचं म्हणणं खरं होतं हे तिलाही कळत होतं. शेवटी ढोल वाजवत एक उडतं गाणं झालं. त्यात मोकची एक ओळ होती आणि ते बरं चाललं. कॅसेट मात्र शेठ खिशात घालून घेऊन गेले. वर्षभरानं त्यांच्या मुलीचा फोन आला: "बाबांची ती कॅसेट घासून घासून तुटली. दुसरी मिळेल का?" चातनं मूळ फितीवरून नवी करून दिली.

फोमपुढे कारखाना फार वर्षं टिकला नाही. मोक टिकली. फोन आला त्याच आठवड्यात पी लामाईनं तिच्या टेबलावर खोकल्याच्या गोळ्यांची डबी ठेवली.

"यावर लिही. आणि हो, तू आता कायम."

त्या गोळ्यांसाठी तिनं लिहिलेली ओळ बसच्या मागच्या अंगावर रंगवली गेली. एका संध्याकाळी ती बस वाहतुकीत अडकलेली मोकला दिसली. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी फुटपाथवर उभी राहून ती ओळ ओठ हलवत वाचत होती. वाचून झाल्यावर ती मुलगी उगीचच एकदा खोकली आणि पुढे चालू लागली.