मंदामावशींचं वीजघर

कुणाच्याही घरी गेल्या की मंदामावशी आधी सगळे दिवे लावायच्या, अगदी भर दुपारीसुद्धा. "लाव गं, लाव. मी तिकडे पाणी पाडते आणि तुम्ही इथे काटकसर करता?" मूळच्या नागपूरच्या. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या आमच्या बॉथेलपासून दोन तासांवरच्या एका जुन्या धरणाच्या वीजघरात इंजिनीअर. आमच्या मराठी मंडळाला त्या तोंडावर सांगत, "तुमच्या मीटिंगमध्ये उष्णता भरपूर, वीज शून्य." मंडळाने त्यांना कधीच अध्यक्ष केलं नाही, हे सांगायला नकोच.

२००५ साली माझं लग्न ठरलं. समीर पार्सिपनीचा, म्हणजे पार पूर्व किनाऱ्यावरचा. मी बॉथेलची लॅबमधली नोकरी सोडून तिकडे जायचं, हे दोन्ही घरांनी परस्पर ठरवूनही टाकलं. माझा त्या नोकरीत जीव होता. पण जो तो म्हणे, "ॲडजस्ट करावंच लागतं गं." समीर काही बोलेना, आणि मीही शहाणी गप्प.

समीर भेटायला आला, तेव्हा मावशींनी आम्हा दोघांना हेल्मेटं चढवून थेट वीजघरात नेलं. "ऐका. वरच्या तळ्यातलं पाणी पाइपातून खाली धावतं, चाक फिरवतं. चाकाला जोडलेला लोहचुंबक तारांच्या वेटोळ्यात गरगरतो, झाली वीज. यात देवाचं काही नाही आणि सासूचंही नाही."

त्या दिवशी एक बंद मशीन सुरू करून बाहेरच्या लाइनला जोडायचं होतं. मावशींनी तबकडीतला फिरणारा काटा दाखवला. "मशीन आणि लाइन, दोघांची लय जुळली की काटा बारावर येतो. तेव्हाच स्विच मारायचा. आणि नवं मशीन जरा वेगातच हवं. मागे पडलेलं जोडलं, तर ते वीज देत नाही, उलट खातं. हिची नोकरी सोडवून जोडशील, तर जन्मभर धुसफुस ऐकशील."

"आणि लय न जुळताच जोडलं तर?" समीरने विचारलं.

"माझं लग्न," मावशी म्हणाल्या. "मी ही नोकरी धरली, नवरा ह्यूस्टनहून हलेना. मोठा आवाज झाला, दोघंही जळालो."

समीर माझ्याकडे वळला. म्हणाला, "तू इथेच राहा. मी येतो इकडे. कोडिंग काय, कुठेही करता येतं."

मला रडूच आलं. मावशींकडे बघितलं, तर त्या एका हाताने चष्मा पुसत होत्या. "एवढं एक वाक्य आमच्या साहेबांना सुचलं नाही रे," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात काटा बारावर आला आणि पुढे निघून गेला. मावशींचा हात स्विचवर तसाच राहिला होता.

"बघता काय?" त्या खेकसल्या. "पुढच्या फेरीला मारते."