ब्रेकचं तेल उकळलं तेव्हा

त्या वर्षी आमच्या वर्कशॉपमध्ये एक जुनी गाडी यायची. दोन दारांची, मागच्या चाकांना ताकद देणारी. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंना ती वडिलांकडून मिळालेली. बाईंनी तिच्यात जवळजवळ दुप्पट ताकदीचं इंजिन बसवून घेतलं आणि रविवारी शहराबाहेरच्या रेसच्या ट्रॅकवर ती पळवायला सुरुवात केली. वय पन्नाशीला आलेलं. लोक काय म्हणतात याचं त्यांना काही नव्हतं.

वर्कशॉप उद्यमनगरात, माझं आणि मिस्त्रींचं भागीदारीत. इंजिन मिस्त्रींकडं, ब्रेक आणि चाकं माझ्याकडं.

त्या रविवारी सकाळी दोन फेऱ्या झक्क गेल्या. तिसऱ्या फेरीला लांब सरळ पट्ट्याच्या टोकाला मागचे लाल दिवे लागले, पण गाडी काही हळू होईना. दिवे विझले, लागले, परत विझले. बाई ब्रेकचं पॅडल पुन्हा पुन्हा दाबत होत्या.

"पॅडल गेलं गड्या!" मिस्त्री ओरडले.

मी पळत सुटलो. बाईंनी एकामागून एक गिअर खाली ओढले, इंजिन किंचाळलं, मागची चाकं घसरली आणि गाडी गरकन फिरून धुरळ्यात दिसेनाशी झाली. धुरळा बसला तेव्हा ती टायरांच्या भिंतीपासून दोन हातांवर उभी होती.

बाईंना हेल्मेटचा पट्टा सुटेना. मी सोडला.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "उशिरा ब्रेक मारला मी."

मी काही बोललो नाही. कारण दाराशी येताना पुढच्या चाकाशी वाकल्यावर मला दिसलं होतं. ब्रेकची डिस्क, चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, तापून निळी पडलेली, आणि तिच्या आतल्या बाजूला पत्र्याचं कव्हर. मिस्त्रींनी ते मागंच काढून ठेवलेलं, वारा लागावा म्हणून. शुक्रवारी मी ते परत बसवलं होतं. ट्रॅकवरची रेव डिस्कला लागते, एवढाच विचार केला होता मी.

सोमवारी मिस्त्रींनी चाक उघडलं आणि कव्हरावर बोट ठेवलं.

"हे कुणी बसवलं?"

"मी."

"वारा कुठनं जायाचा मग? डिस्क तापली, तेल उकळलं, त्यात बुडबुडं झालं. पॅडल खाली जाईल न्हाय तर काय! बाईंना सांगितलंस?"

मी हातातला पाना पुसायला लागलो.

"मी सांगणार न्हाय. तूच जायाचं."

मंगळवारी संध्याकाळी दवाखान्यात गेलो. बाकावर पेशंट बसलेले. वाटलं, आज गर्दी आहे, उद्या येऊ. चप्पल घालतच होतो, तेवढ्यात बाईंनी आतून हाक मारली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

त्यांनी तोंडावरचा मास्क खाली केला.

"रविवारीच ठाऊक होतं तुला?"

"व्हय."

"दोन रात्री मला वाटतंय, आपला पाय आता भरवशाचा राहिला नाही. काल गाडी विकायचं ठरवलं मी. फोनसुद्धा केला एकाला."

मला मान वर करवेना. चूक केली त्यापेक्षा गप्प बसलो त्याची लाज जास्त वाटली.

"दुरुस्त कर," त्या म्हणाल्या. "आणि येत्या रविवारी शेजारच्या सीटवर तू बसायचं."

चार दिवस मी दुसरं काम हातात घेतलं नाही. कव्हर काढलं. पुढच्या बंपरमध्ये दोन्ही बाजूंना भोकं पाडली, पत्रा वळवून नरसाळी केली आणि तिथून जाड, उष्णता सोसणारे पाइप चाकापर्यंत नेले. मी पाइपाचं तोंड डिस्कच्या सपाट बाजूवर लावत होतो. मिस्त्रींनी ते हातानं सरकवलं. "मधी लाव. डिस्क आतनं पोकळ हाय, फिरताना वारा मधनं वढून बाहेर टाकती." जुनं तेल सगळं काढून जास्त तापमानाला टिकणारं भरलं. चाक दोन्हीकडं वळवून पाइप टायरला घासत नाही हे बघितलं. परत बघितलं.

रविवारी सीटचा पट्टा आवळून शेजारी बसलो. पहिल्या फेरीला पॅडल घट्ट. दुसरीलाही. तिसऱ्या फेरीला त्याच सरळ रस्त्याचं टोक समोरून धावत आलं आणि माझा पाय रिकाम्या पत्र्यावर आपोआप दाबला गेला. बाईंनी ब्रेक मारला. सीटचा पट्टा छातीत रुतला, गाडी सरळच्या सरळ हळू झाली. वळणातून बाहेर पडताना मागची चाकं फिरायला लागली तसा त्यांनी अ‍ॅक्सिलेटर हलकेच सोडला. चाकांनी पकड घेतली.

"पाय चांगला हाय की तुमचा," माझ्या तोंडून निघून गेलं.

"तू पुढं बघ," त्या म्हणाल्या.

आठ फेऱ्या मारल्या आम्ही. उतरलो तर डावा पाइप एका ठिकाणी थोडा घासलेला निघाला. या खेपेला मी तिथंच, सगळ्यांसमोर, बाईंना तो दाखवला. त्यांनी वाकून बघितलं आणि क्लिप अजून एक लाव म्हणाल्या. पुढं चार वर्षं त्यांनी ती गाडी पळवली.