अप्पांच्या अंगणातली धग

विजेची एवढी कदर करणारा माणूस उभ्या बीदर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. अप्पा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे चुलते आणि मैलूरमधले आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. कुणाच्याही घरी गेले की आधी रिकाम्या खोलीतला पंखा बंद करायचे, मग ख्यालीखुशाली. एका लग्नात भर दुपारी चाललेली मांडवाची रोषणाई त्यांनी बंद केली, त्याबरोबर माईकही गेला आणि मंगलाष्टकं अर्ध्यावर राहिली. "लग्न उन्हातबी लागतंय की!" म्हणाले. फ्रिजवरचे वीजबचतीचे तारे पाहून त्यांना भारी आनंद व्हायचा. "सरकारनं यंत्राला तारे दिले, माणसाला कामून देईना?" असं म्हणत त्यांनी सगळ्या नातलगांना तारे वाटले. मला एकच मिळाला, तोही जावई म्हणून. उन्हाळा लागायच्या आत ते गच्चीला चुना फासत. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून कडुनिंबाखाली बाजा टाकत आणि अख्खी गल्ली तिथं गप्पांना जमे.

तीन वर्षांमागं मी एसी घेतला. तारे बघितले नाहीत, स्वस्त बघितला. बाहेरचं यंत्र कुठं लावू, असं मिस्त्रीनं विचारलं तेव्हा गच्चीवर चढायच्या कंटाळ्यानं मी अप्पांच्या अंगणाकडची भिंत दाखवली. तारे यंत्राला असतात, ते कुठल्या भिंतीवर लावावं याला नसतात. आमची खोली गार झाली, धग बाजांवर गेली. माणसं एकेक करत उठली, घरोघरी एसी आले. मला वाटलं, गल्ली सुधारायली.

यंदा अप्पांच्याही भिंतीवर यंत्र दिसलं. मी थट्टेनं विचारलं, "काय अप्पा, तुमीबी?"

"काय करावं जावईबापू, अंगणात बसवत न्हाई आता."

आतून काकू कडाडल्या, "कसं बसवंल? तुमचंच मशीन भट्टीवानी फुकायलंय तीन वर्षं! सांगा म्हनलं, तर म्हणायलेत, जावयाला कसं सांगावं?"

"तू गप गं," अप्पा म्हणाले आणि उगाच कडुनिंबाकडं बघत राहिले.

दुसऱ्याच दिवशी मी यंत्र गच्चीवर नेलं. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडलं, बाजा टाकल्या, दारोदार हाका मारल्या. खिडक्या बंद होत्या, आतल्यांना ऐकूच गेलं नाही. अप्पा तेवढे बाहेर येऊन बसले. आजूबाजूच्या चारही बाजा रिकाम्या होत्या, तरी जुन्या सवयीनं जरा सरकून त्यांनी मला शेजारी जागा करून दिली.