कर्णिकांच्या काळ्या पट्ट्या

वहिनींचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथच्या घरी गॅलरीत बसून पंख्याचा रेग्युलेटर उघडत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "सावकाश या, गाडी हळू चालवा," असंही म्हणाल्या. कर्णिकसाहेबांचं जाणं अनपेक्षित नव्हतं. शेवटचे चार महिने ते बदलापूरच्या त्यांच्या हॉलमध्ये, भाड्याने आणलेल्या कॉटवरच होते. तरीही स्कूटर बाहेर काढताना माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की या माणसाची माफी मागायची राहून गेली... आज दीड महिना झाला. रडायचं ते रडून झालं, पण ही गोष्ट काही उतरत नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत आम्ही जवळजवळ तीस वर्षं होतो. ते प्रयोगशाळेत अधिकारी, मी मेंटेनन्समध्ये. त्यांच्या प्रयोगशाळेत प्रत्येक मालाचा थोडा नमुना बाटलीत सील करून वर्षानुवर्षं जपून ठेवत. माल कुठल्या कुठे गेलेला असे, पण मूळ नमुना कपाटात. साहेबांचा स्वभावही त्या कपाटासारखाच झाला होता. त्यांना एकच नाद, सिनेमाच्या डिस्क जमवण्याचा. त्यातही कलात्मक वगैरे सिनेमाच्या वाटेला ते जात नसत. तसला सिनेमा लावला की मला झोप येते, हे ते चारचौघांत सांगत. त्यांना लागायचे ते दणदणीत चाललेले सिनेमे... जहाजं, पूर, हजार घोडेस्वार. रविवारी सकाळी दहाला पडदे ओढून ते सिनेमा लावत आणि आम्ही चार-पाच जण सतरंजीवर बसत असू.

पहिल्याच रविवारी मी घोळ घातला. टीव्हीवर चित्राच्या वर आणि खाली जाड काळ्या पट्ट्या दिसत होत्या. मी पडलो मेंटेनन्सचा माणूस, बिघाड दिसला की हात शिवशिवतात. साहेब पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात मी रिमोट उचलला आणि बटणं दाबून दाबून चित्र पडदाभर करून टाकलं. सगळे खूश झाले. साहेब बाहेर आले, रिमोट माझ्या हातातून काढून घेतला आणि पट्ट्या परत आणल्या.

"सावंत, तुला वाटतंय मी चित्र झाकून ठेवलंय," ते म्हणाले. "उलट आहे. सिनेमा मुळात आडवा, लांब काढलाय. तो पूर्ण दाखवायचा तर वरखाली जागा उरणारच. तू ती जागा भरलीस, म्हणजे दोन्ही बाजूंनी चित्र कापलंस."

"पण साहेब, कडेला असतं काय? हिरो तर मध्येच असतो."

"कंपनीच्या ग्रुप फोटोत तू कुठे उभा असतोस?"

दरवर्षी मी कडेलाच उभा असायचो. "फ्रेम लहान मिळाली म्हणून फोटो दोन्हीकडून कापला," ते म्हणाले, "तर मॅनेजरसाहेब राहतील. तू जाशील." त्यानंतर मी त्या रिमोटला हात लावला नाही.

डिस्क घ्यायला ते उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जात. शेअर रिक्षाने उतरून, जीन्सच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत, एका सिंधी दुकानदाराकडे. डब्याची मागची बाजू ते चष्मा वर करून वाचत, चित्राची रुंदी-उंची किती, सोबत जादा काय काय दिलंय. दुकानदार वैतागून म्हणायचा, "साईं, इतना चेक तो कोई सोना लेते टाइम भी नहीं करता." जादा म्हणजे डिस्कवर सिनेमाशिवाय असलेलं ते सगळं : गाळलेले प्रसंग, सेट कसा उभारला, दिग्दर्शकाचं सिनेमा चालू असतानाचं बोलणं. सिनेमा संपल्यावर ते बघितल्याशिवाय साहेब कोणाला उठू देत नसत. एकदा पडद्यावर एक टक्कल पडलेला माणूस खोट्या पुलाचे दोर वळताना दिसला. साहेब म्हणाले, "याचं नाव शेवटी येतं, तेव्हा तुम्ही चपला शोधत असता." आम्ही हसलो. पण पुढच्या रविवारी त्या नावांच्या वेळी कोणी हललं नाही.

नंतर साहेबांचं दुखणं निघालं. ते दवाखान्यात असताना हॉलमध्ये कॉट लावायची होती, त्यामुळे डिस्कचं कपाट हलवणं भाग होतं. प्लेअरही बंद पडला होता, आणि त्याचा पार्ट काही मिळेना. मला वाटलं, आता आपली पाळी. वहिनींना म्हटलं, सगळे सिनेमे एका लहानशा हार्ड डिस्कवर घेऊन देतो, साहेबांना पडल्या पडल्या बघता येतील. दोन खोकी स्कूटरवर बांधून कॅम्प तीनला नेली, त्याच दुकानात. दोन दिवस मी तिथे बसून होतो. काम झाल्यावर दुकानदार मोठ्या कौतुकाने म्हणाला, "आपल्या साहेबांसाठी एकदम बेस्ट केलंय. काले पट्टे सब निकाल दिये, फुल स्क्रीन. और वो एक्स्ट्रा वाला फालतू फाईल नहीं लिया, जगा खाता है." मग खोक्यांकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "ये डिब्बे का क्या करोगे? भंगार में डाल दूं?"

मी हो म्हणालो.

हे मला पुन्हा पुन्हा आठवतं. पट्ट्यांचं ऐकून मनात कुठेतरी टोचलं होतं, नाही असं नाही. पण आजारी माणसाला मोठं चित्र बरं, अशी मी स्वतःची समजूत घातली. बावीस वर्षांची जमवाजमव मी एका शब्दात घालवून आलो, आणि वर चांगलं काम केल्याच्या आनंदात घरी परतताना वहिनींसाठी पापड घेतले.

साहेब घरी आले. मी मोठ्या थाटात त्यांचा आवडता युद्धपट लावला. ते पहिली पाच मिनिटं टीव्हीकडे बघत राहिले, मग एकदा माझ्याकडे बघितलं. गाव सोडून लोक पुलावरून निघालेत असा प्रसंग आला तेव्हा ते उशीवरून मान जरा उचलून म्हणाले, "सावंत, डावीकडे एक म्हातारी उभी आहे. पिशवीत कोंबडी आहे तिच्या. दिसत नाही, पण आहे."

पुढचे चार महिने असंच चाललं. सिनेमाच्या दोन्ही कडांना जे जे कापलं गेलं होतं ते, आणि वगळलेलं ते जादाचंही, साहेब आठवणीतून सांगत. इथे उजव्या कोपऱ्यात शिपाई बूट काढतोय. इथे मागे मुलगी पळतेय, तिचं पुढे काही होत नाही, पण ती आहे. हे धुकं खरं नाही, ओला पालापाचोळा जाळून केलेलं आहे. आवाज बारीक होत गेला तरी तपशील चुकला नाही. एकदा धीर करून मी म्हणालो, "साहेब, त्या डिस्क मी..." त्यांनी हात वर केला. "पुढे बघ. पूल येतोय." ते रागावले होते की मला त्यातून सोडवत होते, मला कळलं नाही. पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही, आणि मग वेळ उरली नाही.

ते गेल्यावर महिनाभर हिंडून मी त्या युद्धपटाची जुनी डिस्क मिळवली. पट्ट्यांसकट, जादा सगळं असलेली. एक जुना प्लेअर दुरुस्त केला. गेल्या रविवारी ते घेऊन बदलापूरला गेलो. कॉट परत गेली होती, तिच्या जागी सतरंजी घातलेली होती. मी वहिनींना सगळं सांगून टाकलं, भंगाराचंही.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "ह्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला म्हणाले, सावंतला काही बोलू नकोस. त्याला वाटतंय त्याने दुरुस्त करून आणलंय."

मी प्लेअरची वायर हातात धरून तसाच बसलो. डोळे भरून आले, ते पुसलेही नाहीत. थोड्या वेळाने वायर जोडायला उठलो तर वहिनींनी विचारलं, "ह्या डिस्कमध्ये सगळं दिसेल ना, भाऊजी? कडेचंही?"

"हो. पूर्ण."

"मग नको. सगळं दिसलं तर हे काय सांगतील?"

त्यांनी तो कापलेलाच सिनेमा लावला आणि माझ्या शेजारी बसल्या. अर्ध्या तासाने पडद्यावर एक पाणवठा आला. दोन सैनिक बोलत होते, बाकी काही नाही.

"उजवीकडे घोडा आहे," वहिनी म्हणाल्या. "पाणी पितोय."

हे साहेबांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी नसेन त्या दिवशी. मी टीव्हीच्या उजव्या कडेकडे बघत राहिलो. तिथे भिंत होती. घोडा पाणी पिऊन होईपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.